‘खोरे’ : अवजार आणि प्रदेश

खानापूर तालुक्यातील एका मराठी शिक्षकाने काही दिवसांपूर्वी आमच्यापुढे एक उत्तरपत्रिका ठेवली. भूगोलाच्या चाचणीत ‘खोरे म्हणजे काय?’ असा एका गुणाचा प्रश्न होता. कणकुंबीकडच्या एका मुलाने त्यावर लिहिले होते : “ज्याने चिखल ओढून बांध घालतात ते.” शिक्षकाने त्यावर फुली मारली होती, पण फुली मारल्यावर त्यांचे मन अस्वस्थ झाले. “मुलगा चुकला हे खरे, पण कितपत चुकला ते तुम्ही सांगा,” असे त्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न वरकरणी विनोदी होता. आम्हीही प्रथम हसलो. मागाहून विचार करू लागलो तेव्हा असे दिसून आले की, मुलाच्या उत्तरात जे आहे ते आमच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येत नाही, आणि जे नाही त्यावाचून कणकुंबीच्या मुलास स्वतःच्या गावाचा भूगोल कळणार नाही.

आपण वर्गात साधारणतः असे शिकवितो की, दोन डोंगरांच्या रांगांमधील सखल भाग म्हणजे खोरे. ही व्याख्या आकाराची आहे. डोळ्यांनी पाहावे, दोन्ही बाजूंस उंच आणि मध्ये खोल दिसले की त्यास खोरे म्हणावे. मग दरी कशास म्हणावे, असे कोणी विचारले तर आपण ‘अरुंद ती दरी, रुंद ते खोरे’ असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर सोयीचे असले तरी शब्दांवर अन्याय करणारे आहे. ‘दरी’ हा शब्द संस्कृतातील ‘दॄ’ म्हणजे विदारणे या धातूवरून आलेला. जमीन फाटली, दुभंगली, तेथे दरी झाली. फाटलेली जागा अरुंद असो वा रुंद, ती दरीच. ‘खोरे’ या शब्दाच्या मुळाशी मात्र फाटण्याची कल्पना नाही. तेथे दुसरेच काही आहे, आणि ते शोधावयाचे तर आधी त्या मुलाच्या हातातील अवजाराकडे वळले पाहिजे.

हे अवजार सर्वांच्या परिचयाचे आहे. लोखंडाचे रुंद पाते, त्यास मागच्या अंगास दांडा बसविण्यासाठी नेढे, आणि त्यांत पात्याशी कोन करून बसविलेला लाकडी दांडा. कोठे यास फावडे म्हणतात, कोठे खोरे. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात ‘खोरं’ हेच कानी पडते, आणि घाट उतरून गोव्यात गेले तर कोकणीतही ‘खोरें’ आहेच. कानडीत त्यास ‘सलिके’ म्हणतात. कुदळीच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा जवळ आहेत : आपली ‘कुदळ’ संस्कृत ‘कुद्दाला’वरून आली आणि कानडीत ‘गुद्दलि’ आहे. सीमेवरचा शेतकरी दोन्ही शब्द सहज बोलतो. खोऱ्याचे मात्र तसे नाही. हा शब्द मराठी-कोकणी कुटुंबाचा आहे.

आता कुदळ आणि खोरे यांच्या कामांत भेद काय? कुदळ वरून खाली येते. ती जमिनीवर घाव घालते, फोडते, सुटी करते. टिकाव आणि पहारही त्याच जातीची. खोऱ्याचे काम यानंतर सुरू होते. खोरे धरणारा माणूस वाकतो, पाते पुढे टेकवितो आणि सुटी झालेली माती आपल्या पायांकडे ओढतो. पाटी भरावयाची असो, बांध लिंपावयाचा असो की खळ्यावरचे धान्य एका जागी आणावयाचे असो, विखुरलेले एकत्र ओढून आणणे हेच त्याचे काम. कुदळ खणते आणि खोरे ओढते, हे कोणीही शेतकरी सांगेल. भाषेने हा भेद नेमका टिपला आहे. पुष्कळ पैसा मिळविणाऱ्यास आपण ‘खोऱ्याने पैसा ओढतो’ असे म्हणतो. ‘कुदळीने पैसा ओढतो’ असे आजवर कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वाक्प्रचारातील क्रियापद लक्षात घ्यावे. खोऱ्याने पैसा ‘खणत’ नाहीत, ‘उकरत’ नाहीत. चहूंकडून आपल्याकडे ‘ओढतात’. (चहाडखोर, लाचखोर, भांडखोर यांतील ‘खोर’ याच्याशी आपल्या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. तो फारशी प्रत्यय असून त्याचा अर्थ ‘खाणारा’ असा आहे. खोऱ्याने पैसा ओढणारे बरेचदा लाचखोर असतात ही गोष्ट निराळी.)

आमचे म्हणणे असे की, भूप्रदेशवाचक ‘खोरे’ या शब्दातही हीच ओढण्याची कल्पना मुख्य आहे. पावसाचे पाणी डोंगराच्या उतारांवरून, शेतांतून, ओहोळांतून जेथून जेथून एका नदीकडे ओढले जाते तो सारा मुलूख त्या नदीचे खोरे. नदी ही जणू खोरे धरून बसलेली आहे आणि आपल्या बाजूचे सारे पाणी पायाशी ओढून घेत आहे. सखलपणा हा या कल्पनेचा परिणाम असेल, तिचा गाभा नव्हे.

याविरुद्ध एक सरळ आक्षेप घेता येईल, आणि तो दुबळा नाही. आक्षेपक म्हणेल की, ‘कोरणे’, ‘खोल’, ‘खोरे’ हे शब्द एकाच नादाचे आहेत. जे कोरले गेले, खोल झाले, ते खोरे. ज्याने कोरतात तेही खोरे. म्हणजे दोन्ही अर्थ पोकळीच्या कल्पनेतून स्वतंत्रपणे निघाले, एकाचा दुसऱ्याशी बापलेकाचा संबंध नाही, फार तर भावाभावांचा असेल. या आक्षेपास कानडीचे बळही मिळते. कानडीत ‘कोरे’ म्हणजे भोक पाडणे, कापणे, कोरणे, आणि पाण्याने कापून काढलेल्या घळीस ‘कोरकलु’ म्हणतात. सीमाभागात बसून शब्दांचा विचार करणाऱ्यास असली साम्ये मोह घालतात. परंतु नादसाम्य हा व्युत्पत्तीच्या वाटेवरचा सर्वांत लबाड वाटाड्या आहे. याच मलप्रभेच्या शेवटी कृष्णेशी संगम होतो त्या क्षेत्राचे नाव कुडलसंगम. एखादा उत्साही मराठी गृहस्थ त्यात ‘कुदळ’ पाहील आणि बसवेश्वरांच्या संगमस्थानी कोणी कुदळीने वाट काढून दोन नद्या जोडल्याची कथाही रचील. वास्तविक कानडीत ‘कूडलु’ म्हणजे मिळणे, एकत्र येणे. कुदळीचा तेथे मागमूस नाही. तेव्हा नाद बाजूस ठेवून शब्द वापरला कसा जातो हे पाहणे अधिक भरवशाचे.

वापर पाहावयाचा तर मावळांइतके चांगले क्षेत्र नाही. पुण्याच्या पश्चिमेकडील मुलखाची जुनी नावे इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतात : पवन मावळ, नाणे मावळ, हिरडस मावळ, गुंजण मावळ, आणि त्यांच्याच पंगतीत कानद खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, वेळवंड खोरे, रोहिड खोरे. ‘मावळ’ हा शब्द दिशेचा आहे, सूर्य जिकडे मावळतो तिकडचा प्रदेश. जुन्नरच्या बाजूस गेले तर मीननेर, कुकडनेर, भीमनेर असा ‘नेर’ भेटतो. ‘खोरे’ मात्र जेथे आले तेथे त्यास मालक लागतो, आणि तो मालक बहुधा नदी असतो. कानंदीचे खोरे, मुठेचे खोरे, मोसेचे खोरे, वेळवंडीचे खोरे. रोहिड खोऱ्यास रोहिडा किल्ल्याचे नाव आहे, हा अपवाद आम्ही लपवीत नाही. तथापि दरीस असा मालक लागत नाही. ‘खोल दरी’, ‘अंधारी दरी’ म्हणतो. अमक्या नदीची दरी असे क्वचितच म्हणतो.

दुसरी गोष्ट अशी की, या खोऱ्यांत देशमुखी होत्या, गावे होती, शेतसारा होता. रोहिड खोऱ्याची देशमुखी कारीच्या जेध्यांकडे होती. देशमुखाचे वतन डोंगरामधल्या पोकळीवर नसते. ते उतारावरच्या, माथ्याखालच्या, ओढ्याकाठच्या सगळ्या गावांवर असते. खोऱ्याची सीमा आपल्या लोकांनी पाण्याच्या तळाशी धरली नाही, पाणी जेथून फुटते त्या माथ्यावर धरली. पोकळीच्या आकारावरून नाव पडले असते तर डोंगराच्या कुशीत उंचावर वसलेले गाव ‘खोऱ्यातले’ म्हणवले नसते. अवजार आधी की प्रदेश आधी याचा लेखी पुरावा मागणाऱ्यांस आम्ही इतकेच विचारतो की, शेतकऱ्याच्या कोपऱ्यात उभे असलेले खोरे कोणत्या सनदेत नोंदले जाणार होते? सनदेत गाव येते, वतन येते, बलुते येते. चिखल ओढण्याचे लोखंड येत नाही.

घरातील व शेतातील वस्तूंची नावे जमिनीस देणे ही मराठीची जुनी खोड आहे. आंबोलीजवळ नदीने कातळात अरुंद घळ पाडली आहे. तिला लोक ‘नांगरतास’ म्हणतात. तास म्हणजे नांगराने पडलेली चाकोरी. निघोजला कुकडीच्या पात्रातील खळग्यांस रांजणखळगे म्हणतात. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी जमिनीकडे चित्रकाराच्या दृष्टीने पाहिले नाही. ज्याने आयुष्यभर औत धरले त्याला घळ दिसली की तास आठवला, इतकेच. नांगरतास हे नाव ठेवणारा माणूस ‘खोरे’ हे नाव ठेवणाऱ्याचा सख्खा शेजारी आहे, असे आम्हांस वाटते.

येथे संस्कृत आणि हिंदी काय करतात तेही पाहण्यासारखे आहे. संस्कृतात डोंगरांमधील प्रदेशास ‘द्रोणी’ म्हटले आहे. द्रोणी म्हणजे लाकडाचे कोरीव भांडे, डोणी. त्याच शब्दाचा ‘दून’ झाला आणि देहरादूनमध्ये तो आज सर्वत्र ऐकू येतो. भारतीय राज्यघटनेच्या २६२ व्या अनुच्छेदात आंतरराज्यीय नद्यांच्या पाण्याच्या तंट्यांची तरतूद आहे. तिच्या हिंदी पाठात ‘नदी-दून’ असा शब्द योजलेला आहे. मराठीत त्या जागी आपण ‘नदी-खोरे’ म्हणतो. दोन्ही भाषांनी रोजच्या वापरातील वस्तूवरून प्रदेशाला नाव दिले, पण एकीने भांडे निवडले आणि दुसरीने अवजार. भांडे भरून घेते आणि स्वस्थ बसते. अवजार हलते. पाण्याच्या कायद्यासाठी यांपैकी कोणता शब्द अधिक उपयोगी, याविषयी आमचे मत वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. कानडीत कृष्णेच्या खोऱ्यास ‘कृष्णा कोळ्ळ’ म्हणतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरातही ‘कोळ्ळ’ आहे. हा शब्द घळीकडे, खोलगट जागेकडे झुकणारा आहे. त्यामुळे कानडी भाषेत कायद्याचा अर्थ सांगताना ‘जलानयन प्रदेश’ अशी संस्कृत जोड द्यावी लागते. आमच्याकडेही काही लेखक ‘पाणलोट क्षेत्र’ आणि ‘द्रोणी’ यांकडे वळू लागले आहेत. ‘पाणलोट’ हा चांगला शब्द आहे, परंतु तो पाणी कोठून लोटते ते सांगतो, कोणाकडे जाते ते सांगत नाही. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली ‘कृष्णा खोरे विकास महामंडळ’ स्थापन केले. त्यापाठोपाठ तापी, विदर्भ, कोकण व गोदावरी-मराठवाडा यांसाठी झालेल्या महामंडळांच्या नावांत ‘पाटबंधारे’ हा शब्द आहे, खोरे नाही. एकट्या कृष्णेच्या वाट्यास तेवढा चांगला मराठी शब्द आला.

आणि कृष्णेचे नाव निघाल्यावर आम्ही पुन्हा कणकुंबीस येतो, कारण आकाराची व्याख्या खरी की क्रियेची, याचा निकाल कोशात लागला नाही तरी कणकुंबीच्या माथ्यावर लागतो. हे गाव जांबोटीच्या पश्चिमेस सुमारे १६ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर आहे. मलप्रभा येथे उगम पावते. खानापूरवरून ती पूर्वेकडे जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पट्टदकलच्या देवळांशेजारून वाहते आणि सुमारे ३०४ किलोमीटरांचा प्रवास संपवून कुडलसंगमास कृष्णेत मिळते. म्हणजे कणकुंबी कृष्णा खोऱ्यात आहे. आता कोणीही कणकुंबीच्या टेकडीवर उभे राहून कृष्णेची दोन डोंगरांमधील सखल जागा शोधून दाखवावी! कृष्णा तेथून दिसणे तर दूरच, तिचा वारासुद्धा लागत नाही. ‘दोन डोंगरांमधील सखल भाग’ ही व्याख्या पाठ केलेल्या मुलास आपले गाव कृष्णा खोऱ्यात कसे, हे कोणत्याही नकाशावरून पटणार नाही. ‘जे आपल्याकडे ओढते ते’ ही व्याख्या धरली तर मात्र लगेच पटेल. येथे पडलेला थेंब अखेर कोणाच्या पायाशी ओढला जातो एवढेच पाहावयाचे.

आणि त्याच गावाच्या अंगाने कळसा नाला वाहतो. तो मलप्रभेकडे जात नाही. तो म्हादईस मिळतो, म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्रास भेटते. एका पावसाची एक सर कणकुंबीवर पडते, तिचे काही पाणी बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते आणि काही अरबी समुद्राच्या. मध्ये भिंत नाही, कडा नाही, नजरेस भरेल अशी खोल जागाही नाही. एक खोरे येथे संपते आणि दुसरे सुरू होते, ते केवळ ओढीच्या दिशेवरून.

कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळविण्याच्या कर्नाटकाच्या योजनेवरून जो तंटा झाला तो सर्वश्रुत आहे. २०१० साली म्हादई जलतंटा लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. कर्नाटकास एकूण १३.४२ अब्ज घनफूट पाणी मिळाले, त्यांपैकी कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८ अब्ज घनफूट मलप्रभेकडे वळविण्याचे ठरले. निवाड्यास पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. हुबळी-धारवाडच्या लोकांस प्यावयास पाणी पाहिजे हे कोण नाकारील? गोव्याची भीतीही पोकळ म्हणता येत नाही. या वादात कोणाची बाजू न्याय्य, हे ठरविणे साहित्याच्या नियतकालिकाचे काम नव्हे आणि आम्ही त्यात पडत नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, या तंट्याचा कणा असलेला मुद्दा ‘एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेता येईल काय?’ हा आहे, आणि आकाराच्या व्याख्येने तो प्रश्न नीट विचारताही येत नाही. सखल भागातील पाणी सखल भागात नेले तर त्यात तंटा कसला? तंटा यासाठी की, जे पाणी एकीच्या ओढीत होते ते दुसरीच्या ओढीत घातले जाते.

आम्ही कणकुंबीकडे गेलो तेव्हा भाताची लावणी चालू होती. एका वाफ्याच्या कडेला म्हातारे गृहस्थ हातात खोरे घेऊन उभे होते. वरच्या वाफ्यातले पाणी खाली सोडावयाचे होते. त्यांनी बांधाच्या तोंडावरचा चिखल दोन हातांत ओढून घेतला, पाणी खाली धावले. मग तोच चिखल परत ओढून शेजारच्या तोंडाशी लावला आणि पाण्याची दुसरी वाट बंद केली. निपाणीकडे उसाच्या सऱ्यांत यास ‘दारे मोडणे’ म्हणतात. रात्री पाण्याची पाळी आली की घरातला जाणता माणूस कंदील व खोरे घेऊन जातो, आणि कोणाचे दार आधी मोडले यावरून भावाभावांत बोलणे बंद होते. आम्ही त्या गृहस्थांस म्हटले, “आजोबा, हे खोरे आणि मलप्रभेचे खोरे, दोन्ही एकच का हो?” त्यांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले. “गुरुजी, पानी कुणाकडं जातंय ते ज्याच्या हातात असतंय, ते खोरं,” असे म्हणून ते पुढच्या वाफ्याकडे वळले.

हे वचन आम्ही पुरावा म्हणून मांडीत नाही. लोकव्युत्पत्ती हीही व्युत्पत्तीच्या वाटेवरची फसवी वाटाडीच. पण बोलणाऱ्याच्या मनात दोन अर्थ आज एकमेकांस चिकटून आहेत, एवढे त्यावरून निश्चित होते, आणि शब्दाच्या जिवंतपणाची परीक्षा तीच. कोशांत एका शब्दाचे अर्थ क्रमांक घालून एकाखाली एक मांडतात, हे आम्ही समजतो. क्रमांक हे मात्र नाते सांगत नाहीत. एक, अवजार, दोन, प्रदेश, असे वाचल्यावर विद्यार्थी दोन शब्द योगायोगाने सारखे झाले असे समजतो. व्युत्पत्ती निश्चित नसली तरी ‘ओढून एकत्र आणणे’ हा दोन्ही अर्थांत समान भाग आहे, अशी एक ओळ कोशकारास लिहिता आली असती. भूगोलाच्या पुस्तकासही ‘नदी ज्या प्रदेशातील पाणी आपल्याकडे ओढून घेते तो प्रदेश म्हणजे तिचे खोरे’ असे सांगण्यास कोणी मनाई केलेली नाही.

त्या शिक्षकांनी मुलास अर्धा गुण द्यावा असे आम्ही सुचविले. त्यांनी विचारले, “उरलेला अर्धा?” तो मुलाने नदीचे नाव लिहिले नाही म्हणून, असे आम्ही म्हणालो.

वाचकांकडे आमचे एक मागणे आहे. आपापल्या गावी या अवजारास खोरे म्हणतात की फावडे, दोन्ही शब्द असल्यास दोन अवजारांत काही फरक करतात काय, आणि मोठ्या नदीखेरीज लहान ओढ्याच्याही मुलखास ‘अमक्या ओढ्याचे खोरे’ असे बोलण्यात येते काय, हे तालुक्याच्या नावासह कळवावे. आजरा, चंदगड, खानापूर, सत्तरी आणि दोडामार्ग येथील शिक्षकांनी कळविल्यास विशेष उपयोग होईल, कारण घाटाच्या दोन्ही अंगांची बोली त्यांच्या रोजच्या कानावर आहे.